आजोबांची दुनळी: बार काढण्याआधी नळी वाचा

वाचकाचं पत्र

काका, कुडाळ तालुक्यात आमची काजूची बाग आहे. आजोबांनी घेतलेली दुनळी बंदूक नंतर वडिलांच्या नावावर, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर होती. फाल्गुनात वडील गेले. तेव्हापासून ती चामड्याच्या पेटीत, कपाटात पडून आहे. परवा उघडून पाहिली तर नळ्यांवर तांबूस ठिपके आणि पेटीच्या अस्तराला बुरशी. मधल्या पट्टीवर 'आर. बी. रॉडा, कलकत्ता' असं कोरलंय. बाहेरून दोन घोडे आहेत, आणि नळ्यांवर साप वळवळत गेल्यासारखी नक्षी आहे. खंडेनवमीला पूजा झाली की अंगणात एक बार काढायची आमच्याकडे पद्धत आहे. बाबा काढायचे, यंदा मी काढावा असं आईला वाटतं. चुलत्यांकडे डबाभर काडतुसं आहेत, काही कागदी, काही पितळी, थोडी प्लॅस्टिकची. ती चालतील का? गंज पॉलिश पेपरने घासू का? मला बंदूक चालवता येत नाही, पण शिकायची आहे. डुकरांनी यंदा सुरणं उकरून टाकली. भाऊ म्हणतो, विकून मोकळी हो. मला विकायची नाही.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी धरतो. तुम्हाला ती विकायची नाही. पुढे जे काही सांगणार आहे ते त्याच्यासाठीच: बंदूक घराण्यात राहावी, आणि ती हातात घेणाऱ्याची बोटं जागच्या जागी राहावीत. आधी फौजेत आर्मरर म्हणून आणि निवृत्तीनंतर एका परवानाधारक दुकानाच्या मागच्या खोलीत मिळून मी तीस वर्षांहून अधिक काळ हत्यारं दुरुस्त केली. फुटलेल्या नळ्या पाहिल्या आहेत, आणि त्या घेऊन आलेल्या माणसांचे हातही. म्हणून आईंना जड जाईल ते आधीच सांगतो. यंदाच्या खंडेनवमीला बार काढू नका.

पहिलं कारण कायद्याचं आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो. बाबा गेले त्या दिवशी परवान्याचा आधार संपला, आणि तेव्हापासून ती बंदूक घरात कुणाच्याच नावावर नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम २१ प्रमाणे असं हत्यार विनाकारण उशीर न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तुम्ही हे मुद्दाम केलेलं नाही, घरात दुःख होतं, हे कुणालाही कळेल. पण विनापरवाना हत्यार बाळगण्याला कायद्यात कैदेची शिक्षा आहे, तेव्हा आता एक दिवसही घालवू नका. वडिलांचा मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन आधी ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या, आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. ती कापडात गुंडाळून एसटीने परस्पर कोल्हापूरच्या दुकानात न्यायची नाही. वाटेत अडवलं तर तुमच्या हातात दाखवायला कागद नसेल.

जमा केल्याची पावती मात्र नीट घ्या. तिच्यावर बंदुकीचा नंबर, बोअर (नळीच्या आतलं माप), नळ्या किती, सोबत काडतुसं किती, सगळं लिहिलेलं हवं, आणि तो नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळायला हवा. जुन्या परवान्यांवर नंबर हाताने उतरवलेला असतो, तिथे तीनाचा आठ झालेला मी अनेकदा पाहिला आहे. अशी चूक पुढे वारसाच्या अर्जात अडून बसते. जमा कुठे करायची यावर माझं मत विचाराल तर, पोलिसांची हरकत नसेल तर दुकानात. महिन्याला थोडं भाडं पडतं, पण तिथे कुणीतरी तेलाचा हात फिरवतं. ठाण्याच्या मालखान्यात कोकणातला पावसाळा काढलेल्या बंदुका माझ्या बाकावर आल्या आहेत. त्यात पोलिसांचा दोष नाही, ते त्यांचं काम नव्हे.

मग वारस म्हणून तुमच्या नावावर परवान्याचा अर्ज करा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देण्याची सोय आहे. आई आणि भाऊ यांचं ना-हरकत पत्र लागेल, तेव्हा भावाशी विकण्यावरून वाद घालण्यापेक्षा त्याची सही मिळवा. शेतीचे उतारे, वैद्यकीय दाखला आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला तयार ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. ठरलेल्या मुदतीत कुणीच हक्क सांगितला नाही, तर जमा हत्यार सरकारजमा होऊ शकतं. ते तुमच्या बाबतीत व्हायला नको.

अंगणातल्या बाराचंही इथेच सांगतो. आनंदाच्या प्रसंगी निष्काळजीपणे केलेल्या गोळीबाराला त्याच २०१९ च्या दुरुस्तीने वेगळा गुन्हा ठरवलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना हातात असला तरी हे लागू आहे. वर उडवलेले छर्रे कुठेतरी खाली येतातच, आणि सणाच्या दिवशी सगळ्यांची पोरं अंगणात असतात. ही पद्धत तुमच्या पिढीत थांबली तर आजोबांना वाईट वाटेल असं मला वाटत नाही.

आता बंदुकीकडे येऊ. कायदा नसता, परवाना उद्या मिळाला असता, तरीही मी तुम्हाला बार काढू दिला नसता. तुम्ही लिहिलेल्या तीन खुणांवरून ती बंदूक मला समोर दिसते आहे: बाहेरचे घोडे (चाप दाबल्यावर आपटतात ते हातोडे), सापासारखी नक्षी, रॉडाचं नाव.

रॉडा हे कलकत्त्याचं नामांकित दुकान. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी याच कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुलं आणि सेहेचाळीस हजार काडतुसं पळवली होती. आजोबांच्या बंदुकीवर हे नाव आहे याचा अभिमान जरूर बाळगा. पण पट्टीवरचं नाव बहुधा विकणाऱ्याचं असतं. अशा बंदुका बहुतेक इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडे बनायच्या आणि इथल्या दुकानाचं नाव कोरून यायच्या. म्हणून वरच्या नावावर विसंबू नका. तिचं खरं वय आणि खरी ताकद खाली लिहिलेली आहे. पुढचं लाकूड काढलं, नळ्या दस्त्यापासून सोडवल्या आणि उलट्या केल्या, की काडतूस बसतं त्या बाजूच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. मुकुट, अक्षरं, आकडे. माझं सगळं म्हणणं या ठशांपाशी येऊन थांबतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

इंग्लंडात प्रत्येक बंदुकीची नळी विकण्याआधी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जायची. लंडनचं १६३७ पासूनच्या गनमेकर्स कंपनीचं, बर्मिंगहॅमचं १८१३ च्या कायद्याने सुरू झालेलं. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचे. नळी फुगली, तडकली, तर बाद. टिकली तर ठसा. म्हणजे तो ठसा हे नळीचं परीक्षेचं प्रमाणपत्र, आणि कोणती परीक्षा दिली तेही त्यावर लिहिलेलं असतं. मुकुटाखाली 'बी.पी.' आणि 'बी.व्ही.' एवढंच असेल, तर ती बर्मिंगहॅमची आहे आणि फक्त काळ्या, म्हणजे जुन्या, धूर करणाऱ्या दारूवर तपासलेली आहे. मुकुटाखाली 'एन.पी.' असेल, किंवा तलवार धरलेल्या हाताखाली ती अक्षरं असतील तर लंडनची, किंवा 'नायट्रो प्रूफ' असे शब्दच असतील, तर ती आजच्या, धूर न करणाऱ्या दारूवर तपासलेली आहे. ठसे अंडाकृतीत 'ई.एल.जी.' असे असतील तर नळ्या बेल्जियमच्या लिएजच्या. कलकत्त्याच्या नावाखाली तेही निघतं.

सापासारखी नक्षी म्हणजे बहुधा दमास्कस नळी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या सळ्या एकत्र पिळायच्या, त्याची पट्टी करायची, ती तापवून गोल दांड्यावर वेटोळी गुंडाळायची आणि घणाने जोड एकजीव करायचे. आजी केसांची वेणी घालायची तशी ती पट्टी नळीभर फिरलेली असते. हातची असली कारागिरी आता क्वचितच होते. पण नळीभर जोडच जोड आहेत, आणि शंभर वर्षांच्या दमट हवेत एखाद्या जोडात आतून गंज शिरला असेल तर तो वरून दिसत नाही. दमास्कस दिसली की भिंतीवर टांगा, असं सरसकट मी म्हणत नाही. काही दमास्कस नळ्या नायट्रोच्या परीक्षेतही पास झालेल्या आहेत. उलट, साध्या पोलादावर रंगाने नक्षी उठवलेल्या नळ्याही मी पाहिल्या आहेत. नक्षी पाहून काही ठरवायचं नाही, ठसा पाहून ठरवायचं. ठसा फक्त काळ्या दारूचा असेल, तर बाजारातलं एकही काडतूस त्या नळीत जाता कामा नये.

समजा नायट्रोचा ठसा निघाला. तरी एक गोष्ट राहते, आणि जाणती माणसंही इथे फसतात. जुन्या इंग्लिश बारा बोअरमध्ये काडतूस बसतं ती जागा, चेंबर, अनेकदा अडीच इंच, म्हणजे साधारण पासष्ट मिलिमीटर लांब असते. आज मिळणारी बरीच काडतुसं सत्तर मिलिमीटरची, पावणेतीन इंचांची असतात. तुम्ही म्हणाल, मग ती बसणारच नाहीत. बसतात, ताई, अगदी अलगद बसतात! कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडाल्यावरची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड भरतं. बार उडतो तेव्हा ते तोंड उलगडतं, आणि चेंबर आखूड असेल तर ते पुढच्या निमुळत्या भागात घुसून छर्‍यांची वाट अडवतं. दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होत नाही, दहाव्यालाही होत नाही, आणि माणूस म्हणतो, 'आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतंय.' चेंबरची लांबी १९२५ नंतरच्या ठशांमध्ये इंचांत कोरलेली सापडते. नसेल तर गेजने मोजावी लागते, आणि ते काम दुकानातल्या माणसाचं.

आतला व्यासही मोजून घ्यायला सांगा. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी भरेल तेवढी नळी. इंचात ०.७२९, साडेअठरा मिलिमीटर. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर हा व्यास मोजतात. घासून घासून, गंज काढून काढून तो ठशावरच्या आकड्यापेक्षा इंचाच्या शंभराव्या भागाहून (०.०१० इंच) जास्त वाढला असेल, तर ती परीक्षा आता त्या नळीला लागू नाही. त्याबरोबर भिंतीची जाडीही बघतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ झालेल्या नळीला मी स्वतः कधी 'चालेल' म्हटलं नाही.

तुमच्या पॉलिश पेपरच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. नको, अजिबात नको. कागदाने घासलं की गंजाबरोबर धातूही जातो, आणि तपकिरी रंगात उठलेली ती नक्षीही पुसली जाते. बफ मारून चकचकीत करून देतो म्हणणारा कुणी भेटेल, त्याला हातही लावू देऊ नका. वेल्डिंगवाल्याकडे तर नळी नेऊच नका. दोन नळ्या आणि मधली पट्टी कथिलाने जोडलेल्या असतात. आच लागली की कथील वितळतं आणि पट्टी सुटते. काळा रंग चढवण्याचं जे गरम रसायन असतं तेही या जोडांना खातं. दुनळी कधी त्या पद्धतीने काळी करायची नसते.

जमा करेपर्यंतच्या एक-दोन दिवसांत एवढंच करा. आधी बंदूक अंगणात न्या, नळ्यांची तोंडं मऊ मातीकडे, आसपास कुणी नाही. घोड्यांना आणि चापाला हात न लावता, बंदूक उघडायचा खटका दाबून नळ्या मोडा, म्हणजे सांध्यावर खाली झुकवून उघडा, आणि दोन्ही चेंबर रिकामी आहेत का ते आधी डोळ्यांनी, मग करंगळीने पाहा. 'बाबा भरलेली ठेवत नसत' यावर विसंबायचं नाही. उघडत नसेल किंवा आत काडतूस अडकलेलं दिसलं, तर आहे तशी ठेवा आणि पोलिसांना तसं सांगा. रिकामी असेल तर नळीतून आभाळाकडे पाहा. आत आरशासारखं दिसायला हवं. काळे खड्डे दिसतील ते गंजाचे. मध्येच एखादी काळी गोल सावली बांगडीसारखी दिसली, तर तिथे नळी फुगलेली आहे, आणि मग तिचा विषय संपला.

आणि आत माती दिसली तर? कोकणात हे हमखास होतं. कुंभारीण माशी भिंतीला, खिडकीच्या फटीला मातीचं घर बांधते, तशी ती टेकवून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीतही बांधते. माझ्याकडे सावंतवाडीकडची एक एकनळी आली होती, तोंडापासून वीतभर अंतरावर केळफुलासारखी उकललेली. मालकाने रात्री घाईत काडतूस भरलं होतं. नळीत मुठीतही न भरेल एवढी माती होती. त्यांचा डावा हात वाचला, पण दोन बोटं वाकत नाहीत. तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो: काडतूस भरण्याआधी, प्रत्येक वेळी, नळीतून पलीकडचा उजेड पाहायचा. विसरलेली चिंधीही तेच करते जे माती करते.

बाहेरचा गंज मऊ सुती चिंधीवर शिलाई मशीनचं तेल घेऊन पुसा. बाबांचं जुनं धोतर असेल तर त्यासारखी चिंधी नाही. ठिपक्यांवर तेल रात्रभर मुरू द्या. पुढे बंदूक परत आली की हट्टी ठिपक्याला तेल लावून जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने हलक्या हाताने घासता येतं, कारण तांबं पोलादापेक्षा मऊ, ते ओरखडत नाही. खोबरेल तेल वापरू नका. तुमच्याकडे ते घरचं असतं, हाताशी असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. ते थंडीत गोठतं, नंतर चिकट होतं, आणि घोड्यांच्या आतल्या कमानीत त्याचा गोंद होतो. दस्त्याच्या लाकडाला मात्र जवसाचं तेल लावा. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल' म्हणून मिळतं. दोन थेंब तळहातावर घ्या आणि हात गरम होईपर्यंत चोळा. महिन्यातून एकदा, फार नाही. तेलाची ती चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा आणि मग टाका.

चामड्याची पेटी देखणी असते, पण ती प्रवासासाठी. चामडं आणि आतली लोकर पावसाळाभर ओल धरून ठेवतात आणि ती ओल नळीला देत राहतात. बंदूक उघड्या हवेत, कुलुपाच्या कपाटात, नळ्यांची तोंडं खाली करून उभी ठेवायची. दस्ता खाली ठेवला तर नळीतलं जादा तेल वर्षानुवर्षं लाकडात उतरतं. लाकूड काळं पडतं आणि जिथे लोखंडाला टेकतं तिथेच मऊ होतं. तुमच्या बंदुकीचं लाकूड घोड्यांच्या मागे काळपट दिसत असेल तर हेच झालंय. एरवी दर संकष्टीला आणि पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा पुसायची. पूजेत हळदकुंकू आणि फुलं वाहिलेली असतील तर त्याच संध्याकाळी पुसायची. ओलं कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या रात्रभर नळीवर राहिल्या की सकाळी तिथे डाग असतो.

चुलत्यांच्या डब्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. एकही काडतूस वापरायचं नाही. कागदी काडतूस दमट हवेत फुगतं, दारूचे गठ्ठे होतात. पितळी काडतुसं कुणीतरी घरी भरलेली असतात आणि आत किती दारू, कोणती दारू, हे भरणाऱ्यालाच ठाऊक. प्लॅस्टिकची बहुधा सत्तरची. त्या डब्यात एखादं पिवळं काडतूस आहे का तेही पाहा. वीस बोअरचं काडतूस पिवळं ठेवण्याची रीत आहे, आणि त्याला कारण आहे. ते बारा बोअरच्या नळीत टाकलं तर चेंबर ओलांडून पुढे जाऊन अडकतं. माणसाला नळी रिकामी वाटते, तो मागे बारा बोअरचं भरतो, आणि एका बाराने दोन्ही उडतात. काडतुसं बाळगायलाही परवाना लागतो, तेव्हा चुलत्यांचा परवाना नसेल तर हा डबाही बंदुकीबरोबर ठाण्यात जाऊ द्या. त्यांना वाईट वाटेल. माझं नाव सांगा.

परवाना तुमच्या नावावर झाला, की परवानाधारक कारागिराकडून बंदूक तपासून घ्या. ठसे, चेंबर, व्यास, जाडी सांगितलीच. शिवाय नळ्या सुट्या करून बोटाला टांगून हलकेच टिचकी मारायला सांगा. काशाच्या ताटासारखा लांब नाद आला तर जोड घट्ट. तडा गेलेल्या मडक्यासारखा बसका आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. माठ घेताना आपण वाजवून घेतो, तसंच. मग पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करायची आणि हलवून पाहायची. नळ्या दस्त्यावर डुलत असतील तर जोड झिजलाय. हे सगळं ठीक निघालं तरी पहिले बार तुमच्या खांद्यावरून नकोत. कारागीर परवानगीच्या जागी, बंदूक बांधून, दोरीने चाप ओढून ते काढतो. नंतर नळी पुन्हा मोजतो.

आणि तुमचं शिकणं? त्याला या बंदुकीची वाट पाहू नका. जिल्ह्याच्या रायफल क्लबमध्ये आजच नाव घाला आणि शॉटगन, म्हणजे तुमच्या दुनळीसारखी छर्‍यांची बंदूक, शिकवणारी रेंज कुठे जवळ आहे ते त्यांना विचारा. प्रशिक्षणाचा दाखला तर तुम्हाला लागणारच आहे. क्लबच्या बंदुकीवर, चोवीस ग्रॅम छर्‍यांच्या हलक्या काडतुसावर सुरुवात करा. ऑलिंपिकमध्ये ट्रॅपला, म्हणजे उडत्या तबकडीवरच्या नेमबाजीला, हेच वजन चालतं, तेव्हा ते लहान मुलांचं समजू नका. रायफल शिकलेल्यांना शॉटगनवर एक सवय मोडावी लागते. इथे माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या मण्यावर, नजर ठेवायची नाही. नजर उडत्या तबकडीवर, नळी तिच्यामागून आपोआप यायला हवी. म्हणून बंदूक अंगाला बसणं महत्त्वाचं. दस्ता गालाला आधी, खांद्याला मग, आणि खांद्याच्या हाडावर नव्हे तर छातीच्या बाजूच्या खोलगट भागात. आजोबा तुमच्यापेक्षा हातभर उंच असतील तर त्यांचा दस्ता तुम्हाला लांब पडेल आणि प्रत्येक बार दंडावर बसेल. दस्ता कापून घेण्याची घाई मात्र नको. आधी शिका, मग ठरवा.

घोड्याच्या बंदुकीच्या दोन गोष्टी क्लबमध्ये कुणी शिकवणार नाही, कारण तिथे तशा बंदुका नसतात. एक, तिला सेफ्टी नसते. घोडा चढवलेला असला की ती तयार आहे, एवढंच. दोन, चढवलेला घोडा काडतुसावर उतरवायचा नाही. अंगठा घामाने निसटला की बार उडतो. आधी नळ्या मोडायच्या, काडतुसं काढायची, मग रिकाम्या बंदुकीवर एकेक घोडा अंगठ्याने धरून उतरवायचा. पुढचा चाप बहुतेक उजव्या नळीचा असतो आणि मागचा डाव्या. एका वेळी एकच बोट आत. चाप दाबला आणि नुसतीच टिकटिक झाली, तर अर्धा मिनिट नळी समोरच्या बांधाकडे धरून उभं राहायचं, उघडायचं नाही. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका वाटला तर थांबायचं, मोडायचं आणि नळीतून उजेड पाहायचा.

डुकरांचं. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक ठेवण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ रानडुकरालाही लागू आहे आणि मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. सुरणांचा पंचनामा करून वनरक्षकाकडे नुकसानभरपाईचा अर्ज टाका. तो हक्क तुम्हाला आजही आहे, बंदूक नसतानाही.

तर यंदाची खंडेनवमी. बंदूक जमा असेल, पाट रिकामा वाटेल. आजोबांचा काडतुसांचा चामडी पट्टा असेल तर तो रिकामा करून पुसा, नळी साफ करायचा लाकडी गज ठेवा, आणि त्याच्याशेजारी जमा केल्याची पावती. दुकानात जमा केलीत तर निघण्याआधी तिथल्या माणसाला पुढचं लाकूड उतरवून नळ्यांखालचे ठसे दाखवायला सांगा. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसे जसेच्या तसे उमटतात. तो कागद मला पाठवा. तुमची बंदूक केव्हाची आहे आणि तिने कोणतं काडतूस खायचं, ते मी त्यावरून सांगतो.